भिंगरीचा वाफा

आमच्या हिची नखं कधी म्हणून स्वच्छ नसतात. कुणाकडे जेवायला जायचं असलं की मी दारातच हटकतो, "अगं, निदान आज तरी ब्रश मार." ती बोटं पसरून बघते आणि म्हणते, "स्वच्छच तर आहेत." आता मी जन्मभर बस चालवली, इंजिनात हात घातले, तरी माझी नखं हिच्यापेक्षा उजळ. घरात स्वयंपाक मी करतो. शेजाऱ्यांना वाटतं, काय गुणी नवरा आहे! गुणी कसला, जेवणात माती नको म्हणून करतो.

ही शाळेत गणित शिकवते. बाग तिच्या गळ्यात कुणी मारली नाही, तिनेच ओढवून घेतली. झालं असं, की एका वर्गाच्या डोक्यात काही केल्या अपूर्णांक शिरेनात. फळ्यावर गोल काढून झाले, कागद कापून झाले, घरी येऊन माझं डोकं खाऊन झालं. शेवटी एक दिवस वैतागून तिने अख्खा वर्ग शाळेच्या मागच्या अंगणात नेला. तिथे मोडक्या बाकांचा ढीग आणि बाकी सगळी रिकामी जमीन. बाक भिंतीला लावले, दोरी घेतली आणि मुलांना सांगितलं, "या तुकड्याच्या अर्ध्यात मुळा लावायचा. उरलेल्याच्या अर्ध्यात बीट. त्यातून जे उरेल त्याचं काय करायचं ते भांडून ठरवा." मुलं भांडली. भांडता भांडता अपूर्णांक आले. पुढे मुळेही आले. तेव्हापासून त्या अंगणाला शाळेत 'मागचा वर्ग' म्हणतात. भाषेच्या बाई तिथे निबंध लिहून घ्यायला लागल्या, चित्रकलेचे सर पानांची चित्रं काढून घ्यायला लागले, आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पाहुणे आले की आधी तिकडेच न्यायला लागल्या. वाफे, झाऱ्या, खुरपी, खत आणि भानगडी मात्र सगळ्या हिच्या वाट्याला.

मागच्या वर्गात हिचा नियम एकच. मातीला घाण म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मातीत खुपसून सगळ्यांसमोर बसायचं. नियम केला तेव्हा हिला वाटलं होतं की मुलं घाबरतील. कसली घाबरतात! दुपार झाली की एकेक कार्टं मुद्दाम ओरडायचं, "बाई, घाण! बाई, काय ही घाण!" आणि बाह्या सरसावून पुढे यायचं. हिला ते कळायचं. कळूनही ती दर वेळी खोटंखोटं रागवायची.

नियम एक, तशी प्रथाही एक. नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी त्याने घरची मूठभर माती आणायची. मुलं पिशवीतून आणत, डब्यातून आणत, एकाने तर मोज्यात भरून आणली. ती बाटलीत पाण्याबरोबर घुसळायची, वाळू खाली कशी बसते ते बघायचं, भिजवून गोळी वळते का बघायचं, नाकाशी धरून वास घ्यायचा. मग सगळ्यांची माती वाफ्यात ओतून ही म्हणायची, "झालं. आता तुम्ही सगळे एका घरात राहायला आलात." एक मुलगा उंच इमारतीत राहायचा, त्याच्याकडे माती कुठली? त्याने शेजारणीची कुंडी उकरली. शेजारीण तणतणत शाळेत आली आणि जाताना हिच्याकडून मुळ्याचं बी घेऊन गेली. अशी ही बया, कुणालाही कामाला लावते.

भिंगरी हिच्या वर्गात आली ती त्या मूठभर मातीबरोबरच. हे तिचं खरं नाव नव्हे. एका जागी बूड टेकत नाही म्हणून वर्गाने ठेवलेलं. बाकावर बसली की पाय हलवणार, उभी राहिली की डुलणार, गणितात नापास, पण मागच्या वर्गात सोडली की तिच्याइतकं शहाणं कुणी नाही. कुठल्या रोपाला पाणी हवं, कुठल्याला आधाराची काठी, हे तिने न विचारता करून ठेवलेलं असायचं.

तिचा बाप बॅटरीवाला. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, आतल्या शिशाच्या प्लेटी बदलायच्या, शिसं वितळवून टोकं जोडायची, हे त्याचं काम. घराच्या अंगणातच बसून करतो. आमच्या डेपोतले सगळे त्याच्याकडे जायचे, माणूस कामाला चोख आणि जिभेला गोड. लेक शाळेत जायला लागली त्या आठवड्यात तो हातगाडीवर पोती लादून शाळेच्या फाटकाशी हजर. "बाई, पोरगी म्हणाली तुम्हाला आमच्या अंगणातली माती हवी. मूठभर काय मागता? अंगण सपाट करायला काढलंय, ही घ्या!" बागेच्या कोपऱ्यात एक खोलगट तुकडा होता, पाणी साचायचं. त्याने स्वतः फावडं चालवून तो काठोकाठ भरून दिला. घाम पुसत पुसत हसत होता. लेकीच्या शाळेला आपण काहीतरी दिलं, याचा केवढा आनंद होता त्याला! हिने त्या तुकड्याचं नाव 'भिंगरीचा वाफा' ठेवलं. भिंगरीने त्यात पालक लावला. काय पालक यायचा, हाताच्या पंजाएवढी पानं! मुलं तिथल्या तिथे तोडून खायची. हीसुद्धा जुडी घरी आणायची आणि मी ती मिटक्या मारत खायचो.

या वर्षी हिने मोठ्या मुलांना मातीची तपासणी शिकवायला घेतली. हिची एक जुनी विद्यार्थिनी आता प्रयोगशाळेत काम करते. ती म्हणाली, "बाई, प्रत्येक वाफ्यातली थोडी थोडी माती द्या, मी मशीनवर लावून सांगते त्यात काय काय आहे." मुलांना तर उधाणच आलं. त्यांनी ती शर्यतच करून टाकली, कुणाचा वाफा पहिला येतो बघू. बहुतेकांनी भिंगरीच्या वाफ्यावर पैज लावली होती. पालकच तसा होता ना.

फोन संध्याकाळी घरी आला. मी कांदा चिरत होतो. ही उभी राहून आधी नुसतं "हं, हं" करत होती, मग म्हणाली, "शिसं? नक्की?" पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "बाकी सगळे वाफे छान आहेत," ती म्हणाली. "कोपऱ्यातल्यात शिसं आहे. तिने परत परत करून बघितलं. म्हणते, त्यातलं काही खाऊ नका, मुलांना हात लावू देऊ नका. लहान मुलांच्या डोक्यावर जातं ते. शिकलेलं टिकत नाही, पोट दुखतं, आणि एकदा झालं की मागे फिरत नाही."  माझ्या मनात आलं ते आधी त्या मिटक्यांचंच.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मागच्या वर्गाला कुलूप लावलं. त्यांचं तरी काय चुकलं? कोपऱ्यातला वाफा काढल्याशिवाय बाग उघडायची नाही, एवढंच त्या म्हणाल्या. पण शिशाची माती उचलायला कुणी तयार होईना. ठेकेदार ऐकायचा आणि पुन्हा फोनच उचलायचा नाही. वर्गात मुलं हिला घेरून विचारत होती, "बाई, कोणता वाफा पहिला आला?" ही फळा पुसत राहिली म्हणे. स्वच्छ फळा पुसत राहिली.

मला वाटलं, बागेचं दुःख आहे, होईल हळूहळू कमी. पण रात्रीचं जेवताना ती एकदम हात आखडून म्हणाली, "अहो, वाफ्यात आलं ते थोडंच. बाकीचं तिच्या अंगणातच आहे ना?"

 खरंच की. आम्ही सगळे वाफ्याचं रडत बसलो होतो, आणि भिंगरी त्याच मातीत रोज खेळत होती. त्या मातीवर तिचा धाकटा भाऊ रांगत होता.

"ती अलीकडे पाढे विसरते," ही म्हणाली. "आलेले पाढे. पोट दुखतं म्हणून बाहेर बसते. मी तिला आळशी म्हणाले हो सगळ्यांसमोर." एवढं बोलून ती मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ नखं घासत बसली. मी एवढी वर्षं सांगत होतो ते त्या दिवशी तिने केलं, आणि मला ते बघवेना.

आम्ही दोघं बॅटरीवाल्याकडे गेलो. अंगण म्हणजे केवढं? दोन गाड्या उभ्या राहतील एवढं. एका बाजूला रिकाम्या बॅटऱ्यांची काळी खोकी रचलेली, मध्ये स्टोव्ह, त्यावर लोखंडी भांड्यात शिसं वितळत ठेवलेलं. वर दोरीवर पोरांचे कपडे वाळत होते. बाळ उघड्या बुडाने जमिनीवर बसून एक मोडकी प्लेट दगडावर आपटत होतं, मधूनच तोंडात घालत होतं. हिने जाऊन आधी ती काढून घेतली. बाळाने भोकाड पसरलं.

हिने सगळं नीट सांगितलं. शाळेत सांगते तसं, एकेक पायरी. बॅटरीवाला ऐकत होता. आधी हसला, "बाई, मी लहानपणापासून याच धंद्यात. मला काय झालंय?" मग त्याचं हसू गेलं. म्हणाला, "माझ्या मातीनं शाळेची बाग बंद पडली?"

"बागेचं सोडा हो," ही म्हणाली. "पोरांचं बघा. काम दुसरीकडे हलवा."

"कुठे हलवू? भाडं परवडेल अशी जागा दाखवा, उद्या हलवतो. इथून उठवलं तर दुसऱ्या अंगणात बसेन. दुसरं येतं काय मला?"

"निदान बाळाला खाली सोडू नका."

यावर त्याची बायको दारातून बोलली. "बाई, घर एक खोलीचं. पाऊस आला की हे आतच शिसं वितळवतात. बाळाला टांगून ठेवू का?" ती चिडून बोलली नाही. खरंच विचारत होती.  भिंगरी मात्र हिच्या हाताला लोंबकळून विचारत होती, "बाई, माझा पालक कोण बघतंय? पाणी घालताय ना?"

त्यानंतर हिने काय काय नाही केलं. दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासायला बाहेर पाठवावं लागेल, पण आधी पोरांना त्या मातीपासून लांब न्या, नाहीतर तपासून काय उपयोग? प्रदूषणाच्या कार्यालयात गेली. तिथला साहेब म्हणाला, तक्रार द्या, लगेच काम बंद करून सील ठोकतो. "आणि ती माणसं राहतील कुठे?" हिने विचारलं. तो म्हणाला, ते आमच्याकडे येत नाही. ही तक्रार न देता परत आली. मी भडकलो. म्हटलं, "द्यायची होतीस! निदान कुणीतरी काहीतरी करेल!" ती म्हणाली, "दिली तर घर जातं, नाही दिली तर पोरं जातात. तुम्ही सांगा, काय लिहू?"  पंचवीस माणसं ओरडत असताना भर रस्त्यात बस वळवलीय मी, पण हे कुठून वळवायचं ते मला सुचेना. एकदा म्हणाली, "दोघांना आपल्याकडेच आणूया का?" मग स्वतःच म्हणाली, "कुणाची आई देईल?"

तेवढ्यात सुट्टी लागली. एक दिवस मोठ्या बाईंचा फोन, आवाजात नुसता उत्साह. "अहो, लवकर या! आपली बाग मोकळी झाली!" ही धावतपळत गेली, मागोमाग मी. बघतो तर कोपऱ्यातला वाफा खरडून रिकामा. खाली जुनी लाल जमीन दिसत होती. एक ढेकूळ शिल्लक नव्हतं. कडेची दगडांची ओळसुद्धा पुसून पुन्हा लावलेली.

"बॅटरीवाला स्वतः येऊन घेऊन गेला," मोठ्या बाई सांगत होत्या. "दिवसभर एकटा पोती भरत होता. पैसे देऊ केले तर हात जोडले त्याने. म्हणाला, माझ्यामुळे झालं, मीच निस्तरणार. अशी माणसं असतात बघा अजून!"

ही हसलीसुद्धा नाही. विचारलं, "नेली कुठे?"

"ते मी नाही बाई विचारलं."

आम्ही तिथून तडक त्याच्या घरी. ही पुढे, मी मागे. गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना कुरकुरणारी बाई अशी चालत होती की मला दम लागला. गल्लीच्या तोंडाशीच पोरांचा गलका ऐकू आला आणि त्यात भिंगरीचा आवाज.

अंगणात माती पसरलेली. नुसती पसरलेली नव्हे, नीट वाफा केलेला. कडेने बॅटऱ्यांची रिकामी खोकी ओळीत रोवलेली, आम्ही दगड लावतो तशी. मध्ये उपटून आणलेला पालक पुन्हा लावलेला, त्यातली दोनचार रोपं चांगली तगली होती. आणि भोवती गल्लीतली सगळी पोरं उकिडवी बसलेली. प्रत्येकाच्या पुढ्यात कागदावर, करवंटीत, नाहीतर नुसती मुठीत घरून आणलेली माती. भिंगरीच्या हातात काठी. बाळ वाफ्याच्या मधोमध.

"बाई आल्या!" भिंगरी ओरडली. "बाई, तुमची बाग बंद झाली ना, म्हणून मी इथे मागचा वर्ग काढला. सगळ्यांना मूठभर आणायला सांगितली. आता सगळे एका घरात राहायला आले!"

बॅटरीवाला स्टोव्हपाशी उठून उभा राहिला. खुशीत होता. "मोकळी करून दिली ना बाई बाग?"

"ही परत इथे का आणलीत?" हिने विचारलं.

"मग टाकू कुठे?" तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत, पोरांना वाईट आहे. नाल्यापाशी न्यावी तर तिथे पोरं. मैदानात न्यावी तर तिथे पोरं. जिथे टाकीन तिथे कुणाची तरी पोरं असणारच की. म्हटलं, माझी होती, माझ्या घरी आली."

 मी हिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. इतकी वर्षं संसार केला, पण इतके बिनकामाचे आम्ही कधी झालो नव्हतो.

तेवढ्यात पोरांतली एक चिमुरडी नाक दाबून म्हणाली, "ई, घाण!"

"घाण म्हणालीस?" भिंगरीने काठी आपटली. हुबेहूब हिचा आवाज, हिचा खोटा राग. "मातीला घाण म्हणायचं नाही! चल, दोन्ही हात घाल! कोपरापर्यंत!" सगळी पोरं खदखदून हसली. त्या चिमुरडीने आनंदाने बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात खोल मातीत खुपसले. बाळानेही बघून आपले खुपसले.

"काढ!" ही किंचाळली. "हात काढ! घाण आहे ती!"

 मग त्यांच्यातलं कुणीतरी फिसकन हसलं, "बाई घाण म्हणाल्या!" आता बाईंना शिक्षा होणार म्हणून पोरं हिच्याकडे डोळे लावून बसली. भिंगरी मात्र हसत नव्हती. ती हळूच म्हणाली, "आमची माती, बाई?"

 ही नळाशी गेली, मला बादली भरायला सांगितली आणि खाली बसून एकेका पोराचे हात धुवायला घेतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या आतून, कोपरापर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. बॅटरीवाल्याच्या बायकोने बाळ आणून दिलं, त्याचेही धुतले. धुऊन झालेलं पोर उठायचं आणि जायचं कुठे, तर तिथेच, त्याच अंगणात. दुसरीकडे जायला जागाच नव्हती. मी दुसरी बादली भरली, तिसरी भरली.

शेवटी एकटी भिंगरी राहिली. "ये बाळा," ही म्हणाली आणि ओले हात पुढे केले.

भिंगरी आली नाही. आपल्या वाफ्याजवळ उभी राहून हिच्याकडे बघत होती, आणि दोन्ही हात तिने पाठीमागे लपवले होते.